मागच्या कप्प्यातला धाकटा

तुमच्या करंगळीचं वरचं पेर असतं ना मित्रांनो, तेवढाच मी. दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या, मध्ये काचेची नळी आणि नळीत केसासारखी बारीक तार. मी एक जुना फ्यूज आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच चेहरा पाडू नका. मी अजून नोकरीत आहे, आणि माझी नोकरी अशी मजेची आहे की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना निळ्या टोप्या घातलेल्या बायका बसत आणि डोळ्याला भिंग लावून आमच्या पोटात तार ओवत. माझी तार ज्या बाईंनी ओवली, त्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंक आली की त्या आम्हाला लांब धरत, शिंकून झालं की पुन्हा कामाला लागत. मी तिसऱ्या शिंकेनंतरचा.

त्यांच्या मागे एक तपासनीस फिरत. दर खेपेतले दोघं-चौघं ते उचलायचे, यंत्राला लावायचे आणि मुद्दाम जास्त वीज सोडायचे. टिच्च! नळीत एक ठिणगी, आणि तार तुटलेली. तपासनीस खूश. "वा! वेळेवर उडाला!" ट्रेमध्ये पडल्या पडल्या मी हे पाहिलं आणि मला कोडंच पडलं. जगात सगळ्यांना टिकल्याबद्दल शाबासकी मिळते, आणि आम्हाला मोडल्याबद्दल?

"मोडल्याबद्दल नाही रे," माझ्या शेजारचा म्हणाला. "वेळेवर मोडल्याबद्दल."

तो दुसऱ्या शिंकेनंतरचा. म्हणून तो थोरला आणि मी धाकटा.

आमचं काम तसं सरळ आहे. भिंतीतली वीज यंत्रात शिरते ती आमच्या पोटातून. बेताने आली तर आम्ही गुपचूप वाट देतो. उधळल्यासारखी आली, तर आमची तार वितळते आणि वाट बंद होते. आत यंत्र सुखरूप, बाहेर घर सुखरूप. कुणाला किती वीज सोसायची, ते प्रत्येकाच्या टोपीवर कोरलेलं असतं. आमच्या टोपीवर दोनचा आकडा आहे. त्याच्या शेजारी एक अक्षर आहे, त्याचा अर्थ 'धीराचा'. यंत्र सुरू होताना एक मोठा घोट घेतं, तेवढ्याने आम्ही घाबरून उडत नाही. दोन अँपिअर, धीराचा. हेच आमचं नाव, गाव आणि आडनाव.

थोरला आणि मी एकाच अँप्लिफायरच्या वाट्याला आलो. त्याच्या पाठीला जिथे विजेची वायर खोचतात, त्याच्या लगेच खाली एक इवलासा कप्पा असतो. बाहेरून बघाल तर नुसती एक रेघ. कप्प्यात दोन खोल्या. आतल्या खोलीत बसतो त्याच्यातून वीज जाते, तो कामावरचा. बाहेरच्या खोलीत बसतो तो राखीव. थोरल्याला आतली खोली मिळाली. मला बाहेरची.

"कंटाळशील का रे?" थोरल्याने विचारलं.

"छे!" मी म्हणालो. खोटंच म्हणालो.

मग आम्ही एका घरी आलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, मोठी खोली, खाली लाकडी फळ्यांची जमीन. खोक्यातून आम्हाला बाहेर काढलं ते बाबांनी. मित्रांनो, वस्तूंना जपणारी माणसं मी पाहिली आहेत, पण बाबांसारखा माणूस विरळा. खोक्याला लावलेली चिकटपट्टीसुद्धा त्यांनी न फाडता सोलली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, स्पीकरना कापडी झगे. माहितीपुस्तिका ज्या बंद पिशवीत आली होती, त्याच बंद पिशवीत कपाटावर गेली. "नवी राहील," म्हणाले. आणि वॉरंटी कार्ड? ते चुरगळू नये म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी लॅमिनेशन करून आणलं. कडक, गुळगुळीत, पाणी पडलं तरी काही होणार नाही असं.

त्यानंतर त्यांनी घरात नियम जाहीर केला. "सिस्टिमला मागून कुणी हात लावायचा नाही. वर्षाची वॉरंटी आहे. हात लावला की वॉरंटी गेलीच म्हणून समजा."

"आणि समोरून?" त्यांच्या लेकीने विचारलं. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी सापडायची नाही.

"समोरून एकच बटण. तेही हात पुसून."

भिंगरीची आई हसली. "अहो, गाणी ऐकायला आणलंय की दर्शनाला?"

पण त्या सिस्टिमची खरी मालकीण निराळीच होती. ती होती आजी, म्हणजे बाबांची आई. आजीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. तिच्या पायांनी आयुष्यभर एकच नाच केला, शिलाई मशिनच्या पायटीवरचा. नाचायची हौस मात्र तिला लहानपणापासून. "आमच्या वेळी नाचलं की लोक म्हणायचे, कामं संपली वाटतं," ती सांगायची. आता कामं खरंच संपली होती, तर कानांनी दगा दिला. तिला ऐकू कमी यायचं. मोबाईलवरचं गाणं तिला मुंगीच्या कुजबुजीएवढंही कळत नसे.

पहिल्या दिवशी सिस्टिम लागली, बाबांनी आवाज थोडा वाढवला, आणि ढोलाचा पहिला ठोका स्पीकरमधून खाली फळ्यांत उतरला. आजी अनवाणी होती. ती जागच्या जागी थबकली. तिने खाली पायांकडे बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर पायांना ऐकू येतंय."

बस्स. त्या दिवसापासून आजी पायांनी ऐकू लागली. तिने तिच्या पाच मैत्रिणी गोळा केल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. उठताबसता सगळ्यांचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव ठेवलं, कुरकुर मंडळ. रोज सकाळी अकराला मंडळ हजर. आजी पुढे, पाच जणी मागे. आजीला ठोका पायातून कळायचा, तिचं पाऊल पडलं की बाकीच्यांचं पडायचं.

कप्प्याच्या रेघेएवढ्या फटीतून मला बाहेरचं थोडंफार दिसायचं, पण गाणं अंगातून जाताना कसं लागतं ते माझ्या अंधाऱ्या खोलीत कळत नसे. ते सगळं थोरला सांगायचा. गाणं चढलं की वीज त्याच्यातून थरथरत जायची आणि तो मला वर्णन करायचा. "आता बासरी. नुसती गुदगुली. थांब, थांब, आता ढोल येतोय... आला! आहाहा!" तो ऊबदार व्हायचा आणि त्याची ऊब भिंतीतून माझ्यापर्यंत पोहोचायची. मित्रांनो, खरं सांगतो, मला हेवा वाटायचा. मी इथे का आहे, असं वाटायचं. ना माझ्यातून गाणं जातं, ना मी कुणाला माहीत आहे. थोरल्याला निदान वीज तरी ओळखायची.

"धाकट्या," तो म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी बिनघोर आहे."

तेव्हा मला वाटायचं, हा उगाच समजूत काढतोय.

असे अकरा महिने गेले. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं होणार होती. रविवारी सकाळी तिथल्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि कार्यक्रमात कुरकुर मंडळाचा नाच! आजी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर नाचणार होती. वाचनालयाकडे भाषणाचा एक माईक आणि डब्यासारखा आवाज करणारा छोटा स्पीकर होता, पण त्याचा ठोका काही जमिनीत उतरत नसे. म्हणून आमची सिस्टिम तिकडे न्यायची ठरली. बाबांनी तीन दिवस विचार केला आणि मग होकार दिला. तिचे कपडे घालूनच ती जाईल, या अटीवर.

त्या आठवड्याच्या बुधवारी एक गोष्ट घडली, आणि ती मला आणि थोरल्यालाच कळली.

दुपारी घरात आजीशिवाय कुणी नव्हतं. सिस्टिम बाहेर चारचौघांत जाणार, आणि तिच्या मागे धुळीचा थर, हे आजीला बघवेना. तिने फडकं घेतलं, सिस्टिम जरा पुढे ओढली आणि मागून पुसायला लागली. फडकं स्पीकरच्या वायरीत अडकलं. वायर निसटून हातात आली. आजी दचकली. तिने इकडेतिकडे बघितलं, ऐकू येत नसलं तरी कानोसा घेतला, आणि घाईघाईने वायर होती तशी खोचून दिली.

होती तशी नाही. वायरीच्या आतली एक बारीक तार बाहेर राहिली. लाल खुंटीची ती तार काळ्या खुंटीच्या अगदी जवळ लोंबत होती, आमच्या डोक्यावर, दोन बोटं वर.

"थोरल्या, ती तार..."

"दिसली," तो म्हणाला.

आम्हाला माणसांशी बोलता आलं असतं तर! पण फ्यूजला एकदाच बोलता येतं.

गुरुवारी अकराला मंडळ जमलं. गाणं लागलं. बासरीपर्यंत सगळं ठीक होतं. मग ढोल आला, सहा जणींची पावलं एकदम पडली, फळ्या हादरल्या, सिस्टिम हादरली, आणि ती लोंबती तार काळ्या खुंटीला टेकली. वीज उधळली. आजवर घोट घोट पिणारं यंत्र एकदम घटाघटा वीज ओढायला लागलं.

"धाकट्या, सांभाळ!" थोरला म्हणाला.

टिच्च.

सगळं शांत झालं. थोरल्याची ऊब हळूहळू उतरत गेली. तेव्हा मला तपासनिसांचा आवाज आठवला. वा, वेळेवर उडाला. पण इथे वा म्हणायला कुणीच नव्हतं.

"बंद पडलं!" भिंगरी ओरडली.

"एवढं नवं, आणि बंद पडलं?" मंडळातल्या एक आजी म्हणाल्या. "हल्लीच्या वस्तूंत काही दमच नाही."

माझी तार रागाने ताठ झाली. ज्याने यंत्र वाचवलं, त्याच्याच नावाने खडे! पण मला जास्त वाईट वाटलं ते आजीचं. तिने सिस्टिमच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि खुर्चीत जाऊन बसली.

संध्याकाळी बाबा घरी आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू घरातल्या कुणाला ताप आलाय. "कुणी हात लावला नाही ना? मागून?"

"नाही बाबा."

"नाही हो."

आजीने ऐकू न आल्यासारखं केलं. कधी कधी कमी ऐकू येणं सोयीचंही असतं.

शुक्रवारी बाबा कार्ड घेऊन दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. झालं होतं असं, की कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख लागते. घेताना दुकानदाराचा शिक्का सापडत नव्हता, तो म्हणाला होता, नंतर या. नंतर जायच्या आत बाबांनी लॅमिनेशन करून टाकलेलं.

"मी म्हटलं, आता मारा शिक्का," बाबा सांगत होते. "त्याने मारला. मग त्याने अंगठा फिरवला, आणि शिक्का गेला! म्हणतो, साहेब, प्लास्टिकवर शाई धरत नाही. चार वेळा मारला. चारही वेळा पुसला. दुकानातले सगळे बघत होते."

भिंगरीच्या आईने तोंडावर पदर... नाही, पदर नव्हता, हातातला टॉवेल दाबला. भिंगरी तर जमिनीवर लोळायला लागली.

"हसा," बाबा म्हणाले. "अजून ऐका. मी विचारलं, फ्यूज उडाला असेल तर? तर म्हणाला, या मॉडेलचा फ्यूज संपलाय, मंगळवारी येईल."

"कार्यक्रम तर रविवारी आहे," भिंगरीची आई म्हणाली, आणि मग कुणीच हसलं नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे खटपटे काका आले. त्यांचं खरं नाव काय होतं कोण जाणे. इमारतीतलं काहीही बंद पडलं की ते पेचकस घेऊन हजर, आणि त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बंद पडत नसे, कारण ती पुन्हा सुरूच होत नसे.

"फ्यूजच उडालाय! दोन मिनिटांचं काम," काका म्हणाले. "भिंगरे, घरात चॉकलेट आहे का?"

"आहे!"

"आण." त्यांनी चॉकलेट तोंडात टाकलं आणि त्याची चांदी हातात धरली. "ही गुंडाळायची फ्यूजला. जन्मात परत उडणार नाही. चल, हा स्क्रू काढतो."

"काका!" बाबा हात पसरून सिस्टिमपुढे उभे राहिले. "त्या स्क्रूवर स्टिकर आहे. स्टिकर फाटला की वॉरंटी रद्द!"

"अरे, बंद पडलेल्या यंत्राची वॉरंटी काय चाटायची आहे?"

"चाटू, पण उघडू देणार नाही."

मित्रांनो, त्या दिवशी मी बाबांना मनातल्या मनात मिठी मारली. चांदीला धीर असतो, पण अक्कल नसते. ती वितळून वाट बंद करत नाही. ती लावली असती, तर उधळलेली सगळी वीज सरळ आत गेली असती. यंत्र जळालं असतं, शेजारच्या स्पीकरचा कापडी झगा पेटला असता, आणि थोरल्याचं उडणं फुकट गेलं असतं. काका तोंडातलं चॉकलेट चघळत, बाबांना नावं ठेवत वर गेले.

शनिवारी सकाळी अकराला मंडळाची बेल वाजली. आजीने दार उघडून सांगितलं, "मी नाही नाचणार. पाय दुखतोय. तुम्ही करा पाच जणी."

"तुझ्याशिवाय कुणाच्या पावलावर पाऊल टाकायचं गं?" एक म्हणाली.

"आणि कोणता पाय दुखतोय?" दुसरी म्हणाली. "आत्ता तर चपळ चालत आलीस."

आजीने एक पाय दाखवला. मग जरा विचार करून दुसरा. मैत्रिणी एकमेकींकडे बघत परत गेल्या. भिंगरी आजीच्या मांडीला टेकून बसली, आणि बराच वेळ उठली नाही. एका जागी बसलेली भिंगरी बघून तिच्या आईने ओळखलं, की आता काहीतरी केलंच पाहिजे. तिने सरळ सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

तिकडून एक शांत आवाजाच्या बाई बोलल्या. "काही दिवा लागतोय का मॅडम? नाही? मग आधी फ्यूज बघा."

बाबा पुढे झाले. "पण बघितलं तर वॉरंटी..."

"सर, स्क्रू उघडलात तर वॉरंटी जाते. फ्यूज मागच्या कप्प्यात असतो, तो ग्राहकानेच बदलायचा असतो. त्याने वॉरंटीला काही होत नाही. पुस्तिकेत पान नऊवर दिलंय. वाचलं नाहीत का?"

सगळ्यांनी कपाटाच्या वर बघितलं. पुस्तिका बंद पिशवीत नवी कोरी पहुडली होती.

"भिंगरी, कात्री आण," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी पिशवी अगदी कडेकडेने कापली, पुन्हा चिकटवता येईल अशी. मग पान नऊ मोठ्याने वाचलं. "आधी प्लग भिंतीतून काढा. मागची वायर काढा. कप्पा नखाने किंवा पेचकसाने अलगद ओढा. कप्प्याच्या बाहेरच्या खणात..." ते थांबले. त्यांनी पुन्हा वाचलं. "कप्प्याच्या बाहेरच्या खणात एक राखीव फ्यूज ठेवलेला आहे."

अकरा महिन्यांनी कुणीतरी माझं नाव घेतलं होतं!

प्लग निघाला, वायर निघाली, आणि माझ्या खोलीत उजेड आला. आधी दिसलं ते बाबांचं नख, मग भिंगरीचा एक मोठ्ठा डोळा.

"आहे! आहे! छोटूसा आहे!"

तिने जाऊन आजीच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं ओरडून सांगितलं. आजी हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा." पण हसू ओठांवर टेकलं न टेकलं तोच गेलं.

बाबांनी थोरल्याला बाहेर काढून उजेडात धरलं. त्याची नळी आतून काळवंडली होती, तार मधोमध तुटली होती. त्याच्या जागी त्यांनी मला बसवलं. माझी सगळी काया शहारली. इतकी वर्षं... बरं, इतके महिने ज्याची वाट पाहिली, ती आतली खोली! आणि त्याच क्षणी मला आठवलं. ती तार अजून वर लोंबत होती. प्लग लागणार, गाणं लागणार, ढोल येणार, आणि मी एका ठोक्यात संपणार. माझ्यामागे राखीव कुणी नव्हतं.

"सर, एक मिनिट," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "फ्यूज उगाच उडत नाही. काहीतरी कारण असतं. ते शोधल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर तोही जाईल. मागे कुणी काही हलवलं होतं का?"

"छे, छे," बाबा अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे मागून कुणी हातच लावत नाही. नियमच आहे."

आजीला फोनमधलं काही ऐकू आलं नव्हतं. पण भिंगरीने आपलं काम सोडलं नाही. ती पुन्हा आजीच्या कानाशी ओरडली, "आजी, त्या विचारतायत, मागे कुणी काही हलवलं होतं का! हलवलं असेल तर हा पण जाईल! हा शेवटचाच आहे!"

बाबा प्लग घेऊन भिंतीशी वाकले होते.

"थांब रे," आजी म्हणाली.

बाबा थांबले.

"मी हलवलं होतं. बुधवारी. पुसायला गेले आणि वायर निघाली. मी खोचली परत, पण मला काय कळतंय." ती पदराशी चाळा करत होती. साठी उलटलेली बाई, पण आवाज शाळेत उभं केलेल्या मुलीचा झाला होता. "तुझी एवढी जपलेली वस्तू. मला सांगायला धीर झाला नाही."

बाबा प्लग हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता ते वॉरंटीवर बोलणार. पण ते आजीजवळ जाऊन खाली बसले. जमिनीवरच.

"आई," ते म्हणाले, मग तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "आई, मी तुझं शिलाई मशिन उघडलं होतं, आठवतं? दुसरीत होतो. सगळे स्क्रू जमिनीवर, आणि मी पलंगाखाली लपलो होतो."

"आठवतं की. दोन दिवस काम बुडालं माझं."

"तू काय म्हणाली होतीस?"

आजीने आठवून बघितलं. "काय म्हणाले होते?"

"म्हणाली होतीस, आता उघडलंच आहेस तर नीट बघून घे." बाबांनी तिचा हात धरून तिला उठवलं. "चल. आता हलवलंच आहेस तर नीट बघून घे."

फोनमधल्या बाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. त्यांनाही सर्दी झाली असावी.

सगळे सिस्टिमच्या मागे वाकले. आजीने चष्मा सारखा केला. "ही बघ. ही एक तार बाहेर राहिलीय." तिने वायर काढली, सगळ्या बारीक तारा चिमटीत धरल्या आणि सुईत ओवायच्या दोऱ्याला देतात तसा त्यांना घट्ट पीळ दिला. चाळीस वर्षांची सवय ती. एकही तार बाहेर राहिली नाही. लाल लालमध्ये, काळी काळीमध्ये. बाबांनी दोनदा ओढून बघितलं.

"आता लाव," आजी म्हणाली.

प्लग लागला. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू! सिस्टिमने पहिला मोठा घोट घेतला, आणि तो सगळा माझ्यातून गेला. मी धीराचा आहे हे मला तेव्हा कळलं. तोवर ते नुसतं टोपीवर लिहिलेलं होतं. दिवा लागला. मग बासरी आली, खरंच नुसती गुदगुली. आणि मग ढोल...

आजीचे पाय अनवाणीच होते.

"आलं," ती म्हणाली, आणि तिचं पाऊल पडलं. भिंगरी तिच्याभोवती गरगरायला लागली. भिंगरीच्या आईने फोन तसाच उंच धरला, की त्या बाईंनाही ऐकू जावं. बाबांनी, हे मी शपथेवर सांगतो, स्पीकरचे कापडी झगे स्वतः काढले. "आवाज दबतोय," म्हणाले. पाच मिनिटांत पाच मैत्रिणी जिन्यावर, कारण ठोका खालपर्यंत पोहोचला होता.

"पाय बरा झाला वाटतं?" एकीने विचारलं.

"कोणता?" आजी म्हणाली.

रविवारचं काय सांगू? वाचनालयाच्या हॉलची जमीनही लाकडी होती. बाबांनी सिस्टिम मुलासारखी कडेवर घेऊन नेली. पडदा उघडला, सहा जणी उभ्या, पुढे आजी. ढोल पडला, सहा उजवी पावलं एकदम पडली, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या खुर्च्या हादरल्या. खटपटे काका तर उभे राहून नाचायला लागले आणि त्यांना बसवायला दोघं जण लागले. टाळ्यांचा आवाज आजीला ऐकू आला नसेल. पण लोकांनी पाय आपटले, आणि तो आवाज तिला अगदी स्पष्ट ऐकू आला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. वॉरंटी कधी संपली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ते लॅमिनेशन केलेलं कार्ड अजून आहे. नाचून घाम आला की आजी त्याने वारा घेते. कडक आहे, वारा छान लागतो. आजी आता नाचते ती खुर्चीत बसून, पण ठोका तिचाच. भिंगरी कॉलेजात जाते. थोरला आजीच्या बटणांच्या डब्यात असतो. भिंगरीने त्याच्यासाठी कापसाची गादी केली होती. कुणी पाहुणा आला की आजी डबा उघडून दाखवते, "हा आमचा थोरला. वेळेवर उडाला म्हणून घर वाचलं." शेवटी वा म्हणणारं कुणीतरी त्याला मिळालं.

आणि माझ्या बाहेरच्या खोलीत एक नवा राहायला आलाय. बाबांनी त्या मंगळवारीच आणला, टोपीवरचा आकडा आणि अक्षर तीनदा ताडून. दोन अँपिअर, धीराचा. तो अधूनमधून कुरकुरतो, मी इथे का आहे, म्हणतो. मी त्याला सांगतो, तू आहेस म्हणून मी बिनघोर आहे. त्याला वाटतं मी उगाच समजूत काढतोय.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील. त्यांच्या जागी चांदी गुंडाळू नका, आणि आकडा मोठा म्हणून भलताच फ्यूज बसवू नका. एखादा उडाला तर त्याला नावं न ठेवता तो का उडाला ते शोधा, आणि प्लग काढल्याशिवाय मोठ्यांनीसुद्धा हात घालू नये. पुस्तिका पिशवीतून बाहेर काढा, ती वाचायला असते. पण हे सगळं विसरलात तरी एक विसरू नका. आमच्या सिस्टिमच्या पाठीवर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, बाबांनी त्या रविवारी संध्याकाळी एक चिठ्ठी चिकटवली. जुना नियम खोडून नवा लिहिलाय. अक्षर बाबांचं, खाली सही आजीची.

'हात लावला तर चालेल. फक्त सांगायचं.'

मी रोज ती चिठ्ठी वाचतो. आत्ता अकरा वाजत आलेत, जिन्यावर गुडघ्यांची कुरकुर ऐकू येतेय. आजी अनवाणी झाली असेल. थांबा हं मित्रांनो, आता बासरी आलीय.

ढोल येतोय.